अडकणारी ओळ

मंगळवार, ताईच्या हळदीची संध्याकाळ

परवा मुरबाडला मांडवाचं सामान आणायला गेलो आणि भंगारवाल्याकडेच रमलो. पण तिथे हळदीच्या गाण्यांची सीडी सापडली! लाउडस्पीकरवाले पांडूकाका गावातल्या प्रत्येक हळदीला जी जुनी रेकॉर्ड लावतात, तीच गाणी. रेकॉर्ड भारी की सीडी, यावर आमचं नेहमीचं भांडण. म्हटलं, ताईच्या हळदीला तरी सुई अडकायची नाय.

आज सीडी लावली आणि गोंधळच. रेकॉर्ड नवरीच्या आईच्या ओळीवर अडकते. ओळ तीनदा वाजली की काका बोटाने सुई पुढे सरकवतात. म्हणून आमचं गाव ती ओळ तीनदाच गातं. सीडी एकदा म्हणून पुढे पळाली, बायका मागे राहिल्या.

"तुझ्या सीडीला गाडी पकडायची हाय का रे?" आई ओरडली.

ताईचं तोंड एवढंसं झालं. "बाळ्या, माझीच हळद मिळाली का रे तुला?"

काकांनी रेकॉर्ड लावली. ओळ अडकली. तीनदा आली, आणि तिन्ही वेळा आईने ओंजळ भरून ताईला हळद लावली. ताई हसली, मग रडली.

हरलो मी. मग एवढं बरं का वाटतंय?

जेवताना ताई म्हणाली, "सासरी वाशिंदला नणंदेच्या हळदीला ही गाणी लागतील. काकांची रेकॉर्ड कशी नेऊ? तू तिच्यावरून सीडी करून दे. पण अडकणारी."

देणार. सुईला काकांचं बोट लागतं तेव्हाची खरखरसुद्धा येऊ दे तीत.