बंबाचा मुलामा

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
किट आणलं. अग्निशमन बंब, प्लास्टिकचा, एकशे बारा सुटे भाग. २३ तारखेला सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्यांनी चौतीस वर्षं असाच बंब चालवला. त्यांना हा स्वतःच्या हाताने जोडून द्यायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा नाही. सासऱ्यांच्या तोंडून एक चांगला शब्द आला तरी पुरे. लग्नाला अठरा वर्षं झाली, अजून आलेला नाही. मला ते 'मास्तर' म्हणतात. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे शब्द चूक नाही. सूर चूक आहे. मागे त्यांच्या देखत पडद्याचा रॉड बसवला, तेव्हा ते आपली खुर्ची उचलून दोन हात लांब जाऊन बसले.
योजना: तीन दिवसांत बंब तयार. उरलेले अठरा दिवस बारकाव्यांसाठी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री १०.
बारकावे तूर्त बाजूला. बंपर, घंटा, शिडी, दिवे, पुढची जाळी असे एकतीस भाग क्रोमचे आहेत. नव्या नळासारखे चकचकीत. आणि त्यांना गोंद धरत नाही. बंपर चार वेळा लावला, चार वेळा पडला.
किटच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हा गोंद प्लास्टिक किंचित विरघळवून जोडतो. मध्ये क्रोमचा मुलामा आला की खेळ खलास. आधी मुलामा उतरवा, वर चंदेरी रंग नंतर देता येतो. मी म्हटलं, मला सगळं समजलं. तो अजून काही सांगत होता, पण मी फोन ठेवला.
जेवताना बायकोला म्हटलं, मुलामा उतरवणं ही गंभीर प्रक्रिया आहे. ती म्हणाली, ब्लीचमध्ये टाका. खाली तिची लाँड्री आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाला तिचं एकच उत्तर असतं. मी हसलो. प्रेमानेच.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
क्रोमियम म्हणजे धातू. धातूला आम्ल. साधा हिशोब. शाळेच्या प्रयोगशाळेत थोडं आम्ल मागितलं. सहायकाने लेखी अर्ज मागितला. त्याच्याबरोबर मी बावीस वर्षं काढली, तरी लेखी. 'आम्ल कशासाठी हवे' या रकान्यात घाईघाईत 'सासऱ्यांसाठी' असं लिहिलं. अर्ज थेट मुख्याध्यापिकांकडे गेला. त्यांनी मला बोलावून, दार लावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.
आम्ल मिळालं नाही. आठवडाभर तासिका कमी केल्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार.
स्वयंपाकघरातलं व्हिनेगर हेही आम्लच. दोन दिवस भाग त्यात ठेवले. निष्कर्ष: भाग स्वच्छ झाले. आता जास्त चमकतात.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री.
रसायनांच्या मागे फार लागू नये. हाताने घासणं हा मूळ उपाय. हातात जोर कमी पडला म्हणून बॅटरीवर चालणारा टूथब्रश घेतला. घंटेचं थोडं क्रोम निघालं. बाजूच्या आरशाचा दांडा मोडला. ब्रश बायकोचा होता. तिला सांगायचा विषय मी काढला नाही. संध्याकाळी चूळ भरताना तिच्या दातावर चंदेरी टिकली दिसली, तेव्हा तिनेच काढला.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
नेलपॉलिश रिमूव्हर. अंशतः यश. जाळीवरचं क्रोम पूर्ण गेलं. जाळीही गेली. आता ती चघळून टाकलेल्या च्युइंगगमसारखी दिसते. हरकत नाही. जाळी पुठ्ठ्याची करतो. नीट पाहिलं तर पुठ्ठ्याचीच जास्त खरी वाटते.
बायकोने पाहिलं. खिडकी उघडून गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.
बराच विचार करून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, मी ब्लीचच्या निर्णयाला आलो. बायको बँकेत गेली होती. खाली जाऊन डब्यातून लिटरभर काढलं. डब्यांवर लेबलं होती, पण चष्मा वर राहिला होता. प्रयोगापूर्वी लेबल वाचा, हे मी मुलांना दरवर्षी पहिल्याच तासाला लिहून देतो. ते मुलांसाठी असतं.
भाग बुडवून ठेवले. उद्या सकाळी निकाल.

१६ फेब्रुवारी, रविवार.
क्रोम जसंच्या तसं. भागांना मोगऱ्याचा मंद वास येतो.
जेवताना बायको म्हणाली, कपडे मऊ करायचं लिक्विड कोणीतरी लिटरभर काढलंय. मग ती कोणाकडेही न बघता म्हणाली, ब्लीच पांढऱ्या डब्यात असतं. मीही कोणाकडेही न बघता जेवत राहिलो.
सात दिवस उरले. घाबरायचं कारण नाही. मी दडपणाखालीच चांगलं काम करतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
सासरे आले. पाच दिवस आधी. किट कपाटावर लपवलं.
येताना त्यांनी गणवेशाचा जुना कोट आणलाय. गडद निळा, पितळेची बटणं. रविवारी फायर स्टेशनवर जुने सहकारी त्यांचा सत्कार करणार आहेत, तिथे हाच घालून जायचंय. कोट मुलीशिवाय कोणाच्या हातात देत नाहीत. मी दारात पुढे होऊन हात केला, तर त्यांनी माझ्या हातात छत्री दिली.
बायकोने कोट हातानेच धुतला. निथळायला बाथरूममध्ये अडकवलाय. मशीनमध्ये म्हणे घालायचाच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४.
विजय. बायको खाली, सासरे फिरायला. पांढरा डबा. क्रोम वीस मिनिटांत साफ. माझा मूळ अंदाज असाच होता. भाग गाळणीत घेतले, बाथरूममध्ये नेले आणि आनंदाच्या भरात जोरात झटकले.
४.१०. कोट बाथरूममध्येच होता.
४.१५. उजव्या बाहीवर तीन ठिपके. लहानसे. नारिंगी. लांबून दिसत नाहीत. लांबून म्हणजे दाराबाहेरून, दार ओढून घेतल्यावर.
५.००. किटच्या रंगांत गडद निळा आहे. थोडा काळा मिसळला. सगळ्यात बारीक ब्रश, तीन थर, मध्ये फुंकर. उत्तम जमलं.
५.३०. हे वाचणारं कोणी नाही म्हणून लिहितो. भीती वाटते आहे. चौतीस वर्षं आगीत जाऊन ज्या कोटाला काही झालं नाही, त्याला माझ्या घरी दोन दिवस धड काढता आले नाहीत. सांगावं का? सांगतो. सत्कार झाल्यावर. म्हणजे त्यांचा मूड चांगला असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
बायको वडिलांना घेऊन बाजारात गेली, तेवढ्यात काम उरकलं. सगळे भाग आधी चंदेरी रंगवले. क्रोमसारखा भडक नाही, खानदानी रंग. वाळल्यावर गोंद लावून जोडले. बंब उभा राहिला. हात लावला नाही, डोळे भरून पाहिला.
कोटाला बायकोने इस्त्री केली. काही बोलली नाही. सासऱ्यांनी घालून पाहिला. तेही काही बोलले नाहीत. याचा अर्थ कोणाला काही कळलेलं नाही. मग उगाच सांगून चांगल्या दिवसाचा विचका कशाला?

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्रीपर्यंत थांबवत नाही, आत्ताच लिहितो.
सकाळी नाश्ता झाल्यावर बंब टेबलावर ठेवला. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी उचलला. शिडी, घंटा आणि दोन्ही बंपर टेबलावरच राहिले. रंगही मध्ये आला की गोंद धरत नाही, असं दिसतं. दुकानदाराने हे स्पष्ट सांगायला नको होतं का?
हातात उरलेला भाग सासऱ्यांनी फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, दुधाची गाडी का? बायको चहा आणायला आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.
मग ते कोट घालून आले. खिडकीपाशी उभे राहिले आणि उजवी बाही उजेडात धरली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. अख्खा फेब्रुवारी वाचला.
"हे तुम्ही केलंत ना, मास्तर?"
मी हो म्हटलं. ब्लीच उडालं, असंही म्हटलं. पुढे बरंच काही तयार होतं, गाळणीची जाळी मोठी असते वगैरे, पण ते तोंडातून निघालं नाही.
त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. गुरुवारी फिरून आल्या आल्याच त्यांना बाथरूममध्ये रंगाचा वास आला होता, म्हणाले. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, त्यांना स्वतःहून सांगायला वेळ द्या. तो त्यांनी मला तीन दिवस दिला.
मी मान खाली घातली.
"रंग मात्र बरोबर जुळवलात," ते म्हणाले, आणि बटणं लावायला लागले.
अठरा वर्षांतला पहिला चांगला शब्द. आला तो असा.
सत्काराला मीही गेलो होतो. बारा फोटो निघाले. बाराही फोटोंत सासऱ्यांचा उजवा हात पाठीमागे आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी.
सकाळी सहाला उठलो तर सासरे टेबलाशी बसलेले. चष्मा, दाढीचं जुनं ब्लेड, समोर बंबाचे सुटलेले भाग. जिथे जोड येतो तेवढाच रंग खरवडायचा, फुंकर मारायची, गोंदाचा एक थेंब, आणि बोटाने दाबून शंभर मोजायचे. मोठ्याने मोजत होते. घंटा बसली. बंपर बसले. शिडी बसवताना ते थांबले, पुठ्ठ्याच्या जाळीकडे बघितलं आणि ती तशीच राहू दिली.
मी शेजारी खुर्ची ओढून गोंदामागचं शास्त्र समजावायला लागलो. त्यांनी मधूनच हात पुढे केला.
"मास्तर, हे धरा जरा."
मी धरलं. साडेसातला बंब तयार. उचलला तरी काही पडलं नाही. तासाला जाण्यापूर्वी स्टाफरूममध्ये सगळ्यांना फोटो दाखवला आणि आम्ही सासरे-जावयांनी मिळून केला, असं सांगितलं. भूगोलाच्या बाईंना फार आवडला. त्यांनी विचारलं, यातलं तुम्ही नेमकं काय केलं?
मी म्हटलं, अवघड काम सासऱ्यांनी माझ्याकडेच दिलं होतं.
गोंदाच्या बाटलीचं झाकण होतं. दीड तास धरलं.