इथे फसतं

प्रिय कात्री,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे न उघडताच कचऱ्यात टाकशील, अशी मला निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्याच्या भरवशावर लिहायला बसले आहे. फोन करणार होते. दोनदा नंबर काढला. पण तू उचलला असतास तर माझी वाचा बसली असती, आणि उचलला नसतास तर ‘मी फोन केला होता’ एवढ्यावर मी स्वतःची सुटका करून घेतली असती. तेवढी मी मला ओळखते. चौदा महिने झाले आपल्याला बोलून. तुझ्या आताच्या शाळेत तुला कात्री कोण म्हणणार म्हणा, बाईच म्हणत असतील. पर्समध्ये सदानकदा ती पुठ्ठे कापायची कात्री आणि तोंडात तिची थोरली बहीण, हे ज्यांनी पाहिलं ते आपले जुने स्टाफरूमवाले सगळे पांगले.

लेकीच्या निकालाचं कळलं. मावशीचा आशीर्वाद तिला चालत असेल तर सांग, नसेल तर राहू दे. आमच्याकडे आई आता मला दिवसाआड ओळखते. तुझी मात्र रोज चौकशी करते. ‘ती पुठ्ठे कापणारी कुठे गेली ग?’ मी म्हणते, शाळेत आहे. एवढ्यावर तिचं समाधान होतं. तुझे सासरे कसे आहेत? उजव्या हातात थोडी हालचाल आल्याचं तुझ्या जाऊबाईंकडून कळलं होतं. अजून दुपारच्या सुट्टीत तूच घरी जाऊन भरवतेस का त्यांना? दुसऱ्या कुणाच्या हातून ते घास घेत नाहीत, हे तू सांगायचीस तेव्हा मला तुझं कौतुक वाटायचं आणि जरा रागही यायचा, की ही स्वतःला किती बांधून घेते. त्यांच्यासाठीच तर तू आपली मोठी शाळा सोडून घराजवळची ती तीन खोल्यांची शाळा मागून घेतलीस.

परवा कार्यालयातली जुनी कागदपत्रं लावताना आपल्या स्टाफरूमच्या लोखंडी कपाटाचा फोटो सापडला. कुलूप मोडलेलं, दार कायम अर्धं उघडं. तू तुझे तक्ते, पट्ट्या, प्रश्नांचे कागद त्यात कोंबायचीस आणि मी मागाहून येऊन त्यांना चिठ्ठ्या लावायची. कुणीही यावं, घेऊन जावं, दोन दिवसांनी चुरगळून परत ठेवावं. आपले वर्ग शेजारी आणि मधली भिंत पातळ. तुझ्याकडे हशा पिकला की माझी अख्खी सातवी ब भिंतीकडे बघत बसायची. मी इतिहास शिकवत असायचे आणि तू शून्याच्या खालच्या संख्या. तू मुलांना जिन्यावर नेलंस, मधल्या पायरीवर खडूने शून्य काढलंस आणि एकेकाला वर-खाली उभं केलंस. वर्षभर तोंड न उघडलेली ती मुलगी खालच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन म्हणाली, ‘बाई, मी उणे तीन.’ तू तो तास नऊ ओळींत लिहून कपाटात ठेवलास. शेवटची ओळ होती, ‘मुलं हसली तर थांबा, हसू द्या.’

वेबसाइटची कल्पना तुझी की माझी, यावर आपण पुष्कळ भांडलो. आज खरं सांगते, तुझी होती. माझी होती ती फक्त मांडामांड. तुझ्या दिराला आपण गळ घातली, तो म्हणाला, ‘वहिनी, चार दिवसांचं काम आहे,’ आणि त्याला पाच महिने लागले. नाव ठेवलं ‘उघडं कपाट’. प्रत्येक पाठाखाली तू एक चौकोन सक्तीचा केलास: इथे फसतं. तो भरल्याशिवाय पाठ वर चढायचाच नाही. मी म्हटलं होतं, लोक आपली फजिती चारचौघांत कशाला लिहितील? तू म्हणालीस, ‘जमलेले तास पुस्तकात छापलेलेच असतात. आपल्याला न जमलेले हवेत.’ पहिले दोन महिने अकरा सभासद होते आणि त्यातला तुझा दीर एक, त्याची बायको दोन आणि दुसऱ्या नावाने मी तीन. मग एक दिवस त्या लांबच्या एकशिक्षकी शाळेतले एकटे मास्तर आले. त्यांनी तुझा जिना वापरून बघितला होता. त्यांच्या शाळेला जिना नव्हता, म्हणून विहिरीचं चित्र काढलं होतं. इथे फसतं या चौकोनात त्यांनी लिहिलं, ‘बावीस वर्षं मला वाटत होतं, फक्त माझेच तास फसतात.’ तू ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचायला घेतलंस आणि मध्येच थांबलीस. डोळ्यात खडूची धूळ गेली म्हणालीस. त्या दिवशी तू खडू हातातसुद्धा धरला नव्हतास.

तीन वर्षांत सहा हजार शिक्षक झाले. एकाने अपूर्णांक टाकावेत, दुसऱ्याने त्यात खोट काढावी, तिसऱ्याने ती बुजवावी. रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसायची आणि नुसती ती बोलणी वाचायची. मला वाटतं, आयुष्यात माझ्या हातून एवढंच एक सरळ काम झालं.

मग शिक्षण खात्याकडून बोलावणं आलं. वेबसाइट सारखी बंद पडत होती, तुझ्या दिराच्या घरी बाळ आलं होतं, त्याला वेळ होईना. खातं म्हणालं, आम्ही सांभाळतो, तुम्ही कार्यालयात या आणि प्रमुख व्हा. तुला मी तेव्हा सांगितलं की कपाट वाचवायचं तर दुसरा मार्ग नाही. ते खोटं नव्हतं. पण दारावर माझ्या नावाची पाटी लागणार होती, पंचेचाळीस मुलांचा गलका मागे पडणार होता, आणि ते मला हवंसं वाटलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. घरीही नाही.

पहिल्याच बैठकीत मोठ्या साहेबांनी चौकोनावर बोट ठेवलं. ‘हे इथे फसतं काय प्रकरण आहे? खात्याच्या वेबसाइटवर नकारात्मक मजकूर नको.’ तुला मी कळवलं की वरून हुकूम आला आणि माझा नाइलाज झाला. हुकूम आला नव्हता, कात्री. त्यांनी फक्त माझं मत विचारलं होतं. चौकोन काढण्याची टिपणी मी स्वतः लिहिली, माझ्या सुवाच्य अक्षरात, मुद्दे पाडून. एका दुपारीत सहा हजार शिक्षकांच्या चुका पुसल्या गेल्या आणि सगळे पाठ एकदम गुळगुळीत दिसायला लागले.

पुढचं तू बाहेरून पाहिलंसच. प्रत्येक शिक्षकाने महिन्याला दोन पाठ टाकायचे, नाहीतर सेवापुस्तकात नोंद. एकच पाठ नाव बदलून दोनशे बारा वेळा आला. कुणी कोऱ्या फळ्याचा फोटो टाकला. एका गृहस्थांनी चुकून घराचं वीजबिल चढवलं आणि त्यालाही अकरा जणांनी ‘अतिशय उपयुक्त’ म्हणून शेरा दिला. हे तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस. मी एकटीच हसले आणि नंतर दार लावून घेतलं. खरं बोलणारी माणसं एकेक करून गप्प झाली. एकटे मास्तर जाताना लिहून गेले, ‘इथेही तपासणी आली. बरं आहे, येतो.’ त्यांना उत्तर द्यायला मी बसले होते. ‘मास्तर’ एवढं लिहून ते पुसलं.

तू कार्यालयात आलीस तो दिवस मला रोज आठवतो. लिफ्टपाशी चारपाच कारकून उभे होते आणि तू आवाज न चढवता म्हणालीस, ‘माझे पाठ मला परत दे.’ मी नियम सांगायला लागले, तेव्हा म्हणालीस, ‘तू मला नियम सांगू नकोस ग, तू मला तोंड वर करून सांग.’ माझी मान वर झाली नाही. आठवड्याने तुला खात्याचं पत्र मिळालं, ‘महोदया, एकदा सादर केलेलं साहित्य खात्याच्या मालकीचं ठरतं’ वगैरे. ते माझ्या हाताखालच्या कुणीतरी लिहिलं असेल असं तू मनाशी धरलं असशील. ते ‘महोदया’ मीच लिहिलं होतं. कच्चा खर्डा करून, दोनदा सुधारून.

यानंतरचं तुला ठाऊक नाही. गेल्या वर्षअखेरीस साहेबांनी अहवाल मागितला. वेबसाइटचा उपयोग किती, ते दोन पानांत. मला ती चांगली दिसायला हवी होती, कारण ती चांगली दिसली तरच मी चांगली दिसणार होते. मी त्यात एक वाक्य लिहिलं: ‘सदर साहित्य स्वयंपूर्ण असून ते वर्गात वापरण्यासाठी विषयशिक्षकाची उपस्थिती अनिवार्य नाही.’ लिहिताना मला ते भारदस्त वाटलं, एवढंच. शपथ घेऊन सांगते, त्या वाक्याला पाय फुटतील असं मनात आलं नाही. पण साहेबांना नेमकं तेच हवं होतं. चार महिन्यांत लहान शाळांसाठी योजना निघाली. प्रत्येक शाळेत एक पडदा, तीन-तीन शाळांना त्यावरून एकच पाठ, आणि उरलेले शिक्षक अतिरिक्त ठरवून दुसरीकडे पाठवायचे.

अशी एक शाळा बघायला मी गेले होते. स्वच्छ खोली, नवा पडदा, एकोणीस मुलं रांगेत. शिपाईमावशींनी बटण दाबलं आणि पडद्यावर तुझा जिना आला. रंगीत केलेला, मागे संगीत, एक कार्टून बाहुला वर-खाली उड्या मारतोय. मुलं जागची हलली नाहीत. हलायला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. पडद्याकडे बघत, बराच वेळ, दुसऱ्या हाताने कोपराला आधार देऊन. बाहुला उड्या मारत राहिला. मग तिने हात आपणहून खाली घेतला आणि आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. शिपाईमावशी मला हळूच म्हणाल्या, ‘विचारायचं बटण नाही हो बाई ह्याच्यात.’ मी मागे उभी होते. एकवीस वर्षं शिकवलेली बाई. मला पुढे होऊन त्या मुलीला विचारता आलं असतं, काय ग बाळा, काय अडलं? मी वहीत लिहिलं, उपस्थिती एकोणीस, पडदा सुस्थितीत.

परतल्यावर मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हे थांबवा, शिक्षकाशिवाय हे पाठ पांगळे आहेत. त्यांनी शांतपणे फाइल उघडली, माझ्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती ती दाखवली. ‘वाक्य तुमचंच आहे ना, मॅडम?’ माझंच होतं. मी बाहेर आले. राजीनामा लिहायला घेतला आणि अर्ध्यावर ठेवला. राजीनामा दिला तर मला पुन्हा वर्गावर जावं लागेल, आणि मला आता वर्गाची भीती वाटते. मुलं माझ्याकडे बघतील आणि मला काही येत नसेल. भ्याडपणाला मी दुसरं नाव देत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. अतिरिक्त शिक्षकांची पहिली यादी निघाली आहे आणि तुझं नाव तिच्यात सातवं आहे. तुझ्या शाळेत पडदा बसणार, आणि तुझी बदली ज्या शाळेत झाली आहे तिथे जायला दोन बस आणि पावणेदोन तास लागतात. दुपारच्या सुट्टीत घरी येणं होणार नाही. यादीवरून तुझं नाव काढायचा मी प्रयत्न केला, ते म्हणाले एक काढलं तर सगळे रांग लावतील, आणि त्यावर मी वाद घातला नाही. आठ दिवसांत हरकत घेता येते. माझ्या त्या टिपणीची आणि अहवालाची प्रत सोबत जोडली आहे, ती माझ्याविरुद्ध खुशाल वापर. पण तुला खोटी आशा लावत नाही, हरकती वाचायचं कामही माझ्याच टेबलावर येतं आणि यादीत तुझ्या वर असलेल्यांच्या आतापर्यंत आलेल्या तिन्ही मी वरून सांगितल्याप्रमाणे फेटाळल्या आहेत. आदेश बुधवारी तुझ्या हातात पडेल, हे पत्र त्याआधी मिळावं म्हणून आज स्वतः पोस्टात टाकते आहे. तुला ते छापील कागदातून कळू नये, एवढीच माझी धडपड. माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं ओझंही तुझ्यावरच पडेल. आदेशाच्या तळाशी जी सही आहे ती माझी आहे, तू ओळखशीलच. तीच सही इथे करायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच

तुझीच