धने-जिऱ्याची मार्गारिटा

लोस मेंब्रियोस,
१३ ऑक्टोबर

प्रिय मिरू,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तू सिअ‍ॅटलहून पाठवलेली भोपळ्याच्या मार्गारिटाची कृती मी चष्मा पुसून, ताठ बसून, तीनदा वाचली. भोपळ्याशी माझं वैर नाही. त्याची भाजी होते, घारगे होतात, भरीत होतं. बिचारा कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण त्याचा गर टकीलात आणि लिंबात कालवायचा, वर फेटलेली साय ठेवायची आणि त्याला शरद ऋतूतलं मेजवानीचं पेय म्हणायचं, हे वाचून मला वाईच्या पाठशाळेतले आमचे गुरुजी आठवले. त्यांनी टकीला कधी पाहिली नव्हती, पण लिंबू आणि साय एका पात्रात पाहिली असती तर विरुद्धाशनावर दोन तास बोलले असते आणि मग आंघोळ केली असती. माझ्या मुलीकडून हे व्हावं, याचं मला दुःख आहे. त्याहून मोठं दुःख हे की मी ती करून पाहिली.

का करून पाहिली, ते सांगतो. यंदा बरणी माझ्याकडे आली आहे. आईनं फोनवर तुला एवढंच सांगितलं असेल की बाबा स्वयंपाकघरात पसारा घालतोय. पण प्रकरण मोठं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पाटाचं पाणी बंद होतं आणि वर्षाची शेवटची पाळी ज्याची, त्यानं सगळ्यांसाठी मार्गारिटाची बरणी भरायची, हा नियम तुला माहीत आहेच. आपला पाट संपतो तुझ्या आजोबांच्या, ग्रँपोंच्या बागेत, त्यामुळे शेवटची पाळीही त्यांची आणि गेली एकेचाळीस वर्षं ती काचेची अजस्र बरणीही त्यांचीच. सगळं खोरं सफरचंदाच्या झाडांखाली जमतं, पेले मांडले जातात, आणि ग्रँपो पहिला घोट घेऊन मान हलवेपर्यंत कुणी ओठ ओले करत नाही. लहानपणी तू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याबरोबर मान हलवायचीस. तुला पेल्यात नुसता सफरचंदाचा रस असायचा, पण तोरा असा, की जणू तुझ्याच परवानगीनं मंडळी पिताहेत.

तर ऑगस्टमध्ये एक दिवस ग्रँपो ती बरणी घोंगडीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून आपल्या दारात आले. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "प्रोफेसोर, यंदा शेवटची पाळी तुझी. बरणीपण तुझीच." तुझ्या आईच्या हातातला डाव खाली पडला. मी विचारलं, का हो? म्हणाले, "गुडघे दुखतात." लिंबं पिळायला गुडघे कशाला लागतात, हे त्याच क्षणी विचारायला हवं होतं. मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस. पण खरं सांगतो, मिरू, मला इतका आनंद झाला होता की तर्क वगैरे मी तात्पुरता खुंटीला टांगून ठेवला.

आनंद का, ते तुला सांगायला नको. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात मी मोठ्या हौसेनं सासऱ्यांसाठी लिंबाचं सरबत केलं होतं. एक घोट घेऊन ते म्हणाले, "घोड्याला देऊन बघ. पण घोडा म्हातारा असेल तर नको." तेव्हापासून सत्तावीस वर्षांत माझ्या हातचं त्यांनी खूप खाल्लं, खूप प्यायलं, पण 'छान' हा शब्द म्हणून उच्चारला नाही. माझ्या वरणाला ते 'तुझं ते पिवळं' म्हणतात आणि दोन वाट्या पितात. अशा माणसानं बरणी सोपवावी, म्हणजे मला धर्मपीठावर बसवल्यासारखंच झालं. बातमी खोऱ्यात पसरायला अर्धा दिवस लागला. आपला पाटकरी बेलार्मिनो, जो एरवी पाण्याची पाळी चुकली तरी घाई करत नाही, तो खास फावडं टाकून आला. कुंपणावर रेलून म्हणतो, "काय प्रोफेसोर, यंदा बरणीत हळद म्हणे! आम्ही घरनं बियर घेऊन येऊ का?" मी म्हटलं, तू ये, हळद तुझ्या पेल्यात वेगळी घालतो. हसून हसून त्याला ठसका लागला. पण जाताना मान वळवून म्हणाला, "सेलेदोनला, तुझ्या सासऱ्यांना, आवडायला पाहिजे हं. तो नाही म्हणाला तर आम्ही उपाशी." तेव्हा जबाबदारी समजली.

मग मी अभ्यासाला लागलो. माझा सिद्धांत असा की शरदातली मार्गारिटा हे जगातलं दुर्मिळ षड्रस पेय आहे. लिंबाचा आंबट, कडेला लावलेल्या मिठाचा खारट, ताज्या सफरचंदाच्या रसाचा गोड, संत्र्याच्या दारूतला सालीचा कडवटपणा, मिठात मिसळलेल्या लाल मिरचीचा तिखट आणि आपल्या गावाला ज्याचं नाव मिळालं त्या पिवळ्या, सफरचंदासारख्या मेंब्रियो फळाचा तुरट. कच्चं मेंब्रियो खाल्ल्यावर तुझी जीभ कशी आखडायची, आठवतं ना? चव घेतलीस की तास-दीड तास बोलायची नाहीस, म्हणून आई मुद्दाम द्यायची. आमच्या गुरुजींच्या भोजनातही सहा रस एका पात्रात कधी पडले नाहीत. हा सिद्धांत तुझ्या आईला ऐकवला. ती म्हणाली, "बाई गं, एवढं बोलून होईपर्यंत बर्फ वितळला."

सप्टेंबरात पहिला प्रयोग निवडुंगाच्या बोंडांचा. रंग असा सुंदर की पेला खाली ठेवावासा वाटेना, काटे मात्र अजून अंगठ्यात आहेत. पेला घेऊन ग्रँपोंकडे गेलो. ते पोर्चवर बसून मिरच्यांची माळ ओवत होते. एक घोट घेतला आणि म्हणाले, "छान आहे." मिरू, मी घरी चालत आलो नाही, तरंगत आलो. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. म्हणाली, तुझं स्पॅनिश अजून कच्चंच आहे. पुढच्या आठवड्यात तुझी भोपळ्याची नेली. मनाशी म्हटलं, आता मात्र ते मला घोड्याकडे पाठवतील. त्यांनी पेला रिकामा केला, मिशीला लागलेली साय पुसली आणि म्हणाले, "हीपण छान आहे." मी परत येताना थोडा कमी तरंगलो.

तिसरा प्रयोग खरा होता. शेजारच्या बागेतून सफरचंदाचा ताजा, गढूळ रस आणला. मेंब्रियोच्या फोडी साखरेत गुलाबी होईपर्यंत शिजवून त्यांचा पाक केला. दोन वाट्या टकीला, ती पिंपात मुरलेली पिवळसर. तीन वाट्या रस, एक वाटी संत्र्याची दारू, पाऊण वाटी लिंबू, अर्धी वाटी पाक आणि शेवटी दालचिनीची पूड. आता आपल्या घरातल्या मसाल्याच्या डब्याची अवस्था तुला ठाऊकच आहे. सगळ्या वाट्यांत तपकिरीच रंग, आणि चिठ्ठ्या तू सहावीत असताना लावलेल्या, त्याही गळून गेलेल्या. मी पेला भरला, कडेला मीठ आणि मिरची लावली, सफरचंदाची चकती खोचली आणि चव न घेताच थेट ग्रँपोंकडे निघालो, कारण बर्फ वितळतो याची मला धास्ती बसली होती. आई पाठोपाठ आली, उरलेलं वाटीत घेऊन.

ग्रँपोंनी पेला उन्हात धरला. तपकिरी कण तरंगताना पाहिले. लांब घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा. अगदी माझ्या आईची दालचिनी." इतक्यात तुझ्या आईनं आपल्या वाटीतला घोट घेतला आणि थेट अंगणातल्या नळाकडे धावली. मग मी चाखली. मिरू, मी दालचिनी घातलीच नव्हती. ती धने-जिऱ्याची पूड होती, मी पुण्याहून आणलेली, चांगली खमंग भाजलेली. पेल्याला आमटीचा वास येत होता! आई नळाशी वाकून खो खो हसत होती आणि म्हणत होती, "पापा, तुम्ही याला खूश करायला काहीही गिळाल!" ग्रँपोही हसले. मीही हसलो. बेलार्मिनोच्या कानावर गेलंच. तो आता मला पाहिलं की नाक धरून वास घेतल्याचा अभिनय करतो. गावभर ती गोष्ट रंगली आहे, आणि खरंच ती चांगली गोष्ट आहे. मीसुद्धा चार जणांना सांगितली.

पण घरी येताना माझा टांगून ठेवलेला तर्क आपणहून खाली उतरला. ज्या माणसानं डोळे बांधून सफरचंद चाखावं आणि झाड कुठल्या ओळीतलं ते सांगावं, तो मला खूश करायला खोटं बोलेल? सत्तावीस वर्षांत एकदाही न बोललेला? लिंबू आंबट, मीठ खारट, मिरची तिखट, हे त्यांना कळत होतं. जिभेचं काम चाललं होतं. गंध मात्र पोचतच नव्हता.

मंगळवारी सकाळी मी जळण टाकायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडलं आणि गॅसच्या वासानं माझं डोकं गरगरलं. शेगडीची कळ अर्धी उघडी, ज्योत नाही, खिडक्या थंडीमुळे बंद. आणि तुझे ग्रँपो टेबलाशी बसून शांतपणे मेंब्रियो सोलत होते. मी कळ बंद केली, खिडक्या भराभर उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. ते चिडून म्हणाले, "काय वेड लागलं का, प्रोफेसोर? थंडी आत येते!" मी म्हटलं, तुम्हाला वास नाही आला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली सुरी हळूच पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "गेल्या हिवाळ्यापासून काहीच येत नाही. मिरच्या भाजल्या तर नुसता धूर दिसतो. सफरचंद म्हणजे गोड पाणी." आणि पुढे, "तुझी आमटी पाजलीस ना मला? आता बरणी तुझ्याकडे का आली ते कळलं? चुकीची बरणी या लोकांना पाजली असती तर?"

डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतात, एक्याऐंशी वर्षांच्या नाकाला काय विचारायचं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारा भोंगा बसवला. दुसऱ्या दिवशी तो कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला. म्हणाले, फार बडबडतो, तुझ्यासारखा. आणि त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला आहे. "या खोऱ्यात कुणाला सांगायचं नाही. तुझ्या ओर्लिंदाला तर नाहीच. ती त्याच दिवशी माझं अंथरूण उचलून तुमच्या घरी नेईल, आणि माझ्या झाडांना कोण बघेल?" मी शब्द दिला. शब्द मोडायला मी शिकलो नाही, पण त्याचा अर्थ लावायला शिकलो आहे. सिअ‍ॅटल या खोऱ्यात येत नाही. आणि मराठी या खोऱ्यात माझ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही, मग आईनं हे पत्र उघडलं तरी चालेल. म्हणून फोन नाही, पत्र.

बरणीची काळजी करू नकोस. ती जमेल. आम्ही दोघं रोज सकाळी त्यांच्या पोर्चवर बसतो. ते आठवणीतून सांगतात, मी चाखतो. "दालचिनी मागून यायला हवी, पुढून नव्हे." "लिंबू जरा ओरडतंय का?" मी सांगतो, ओरडतंय. ते म्हणतात, मग पाक घाल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते पहिला घोट घेतील, माझ्याकडे बघतील, मी पापणी लववली की मान हलवतील. कुणाला कळणार नाही. पण त्यांची जीभ आणि नाक या घरात एकाच माणसाकडे आलं आहे, आणि ते माणूस भोपळ्यात साय घालत बसलं आहे. तू असशील तर ते माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघतील. शिवाय तू रोज रुग्णांमध्ये वावरणारी नर्स आहेस. तुझं ते ऐकतील. आईचं ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच.

रोज सकाळी मी काही ना काही निमित्त काढून त्यांच्याकडे जातो. कधी जळण, कधी अंडी, कधी नुसतीच बरणी. दार उघडण्याआधी उंबऱ्यावर उभा राहून आधी वास घेतो. मिरू, मला भीती वाटते की एखाद्या सकाळी मला पोचायला उशीर होईल. त्या शनिवारच्या आत ये.

तुझाच,
बाबा