न झिजणारी सुई

४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बातमी आधी, ख्यालीखुशाली मागून. तू दिलेलं आर्क वेल्डिंगचं मशीन टिगला, म्हणजे टंगस्टनच्या सुईनं करायच्या बारीक वेल्डिंगला, चालणार! कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं मीटर लावून खात्री केली, करंट डीसीच आहे. मग गॅसची चावी असलेला वेल्डिंगचा टॉर्च आणून मायनसला जोडला, अर्थची पकड प्लसला. आर्गॉन गॅसची टाकी मागच्या पडवीत भिंतीला साखळीनं बांधली आहे. आई तिला नवा भाडेकरू म्हणते.

खटाटोप कशासाठी, तर दूध कारखान्याला पातळ स्टीलच्या नळ्या जोडणारं माणूस हवंय. वीस तारखेला चाचणी. तिथल्या फोरमननं माझी ग्रिलं पाहिली आणि तोंडावर सांगितलं, की रॉडवर बसलेला हात टिगवर बसत नाही, उगाच खेप घालू नको. मी जाणार. जन्मभर गेटं आणि ग्रिलंच करायची नाहीत मला.

पण हे मेलं टंगस्टन! आर्क पेटतो, स्टील वितळून रस छान होतो, आणि दोन बोटं पुढे जाते न जाते तोच सुई रसात बुडते. टोक घासून पुन्हा बसते, पुन्हा तेच. गॅस वाढवला, करंट कमी केला. सरावाला स्टीलचा एक पेला कापला, तर आईनं उरलेले कुलपात ठेवले. चुकतंय कुठे ते लिही.

लोभ मशीनसारखा तापून बंद पडू देऊ नकोस.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,
अ. आ.

गॅसच्या नावानं बोटं मोडू नकोस. चोर तुझा हात आहे. रॉड जळून आखूड होतो, म्हणून हात खाली खाली न्यावा लागतो. इतक्या वर्षांत ते तुझ्या अंगात मुरलंय. टंगस्टन झिजत नाही. सुई आहे तेवढीच राहते आणि हात मात्र इमानानं खाली येतो. फोरमन खोटं बोलला नाही, पण तुझा हट्ट त्यानं पाहिलेला नाही.

हातमोज्यासकट करंगळी कामावर टेकव आणि तिच्यावरच हात सरकव. आधी मशीन बंद ठेवून. कंटाळा येईपर्यंत, आणि मग आणखी. पंखा नको, गॅस उडतो. खिडकी मात्र उघडी ठेव. माझ्या बहिणीला सांग, पेले भावानं मागितलेत.

रागावलीस तरी पत्र पाठव.

मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सांधा गळत नाही. आईनंच सांगितलं, आणि ती माझी बाजू घेत नाही हे तू जाणतोसच.

थंड टॉर्च घेऊन मी जेवणाच्या टेबलाच्या कडेनं इतकी फिरले, की आईनं शेजारणीला माझी तब्येत बरी नसल्याचं कळवलं. पेटवल्यावर पहिल्यांदा सुई बुडालीच. मग करंगळी धरून ठेवली, म्हणजे अक्षरशः मनानं धरून ठेवली. त्यानंतर आईनं न मागता दोन पेले पुढे केले. त्यांच्या कडा कापून तोंडाला तोंड जोडलं, वरच्याचं बूड काढून पाणी भरलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. सकाळी आईनं कागद उचलून गालाला लावला. कोरडा. आता ती त्या जोडपेल्यात पळ्या ठेवते.

सांधा आतून अजून थोडा खडबडीत आहे, आणि दुधाच्या नळीला ते चालत नाही. उद्या आतूनही गॅस सोडून, तिथली हवा हाकलून बघते. सोमवारी चाचणीत फोरमन नळी कापून आत बोट फिरवणार आहे म्हणे. फिरवू दे. माझी करंगळी तोवर टेकलेलीच असेल.

आशीर्वाद तेवढा सोमवारच्या आत पोचू दे.

तुझी भाची