परतीच्या तिकिटाचा घोळ

ताई,

शाळेची किल्ली चपलांच्या कपाटावर आहे, तेवढी मुख्याध्यापकांना दे. परदेशी माणूस हा देश सोडताना त्याला परत मिळतात ते, इथल्या पगारातून कापलेले पेन्शनचे पैसे काही मिळाले नाहीत. भारताचं जाऊन-येऊन तिकीट एकेरीपेक्षा स्वस्त पडलं म्हणून मी मोठ्या शहाणपणाने तेच काढलं, आणि पेन्शन कचेरीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "परतीचं तिकीट आहे, मग देश कायमचा कुठे सोडताय? पैसे कायमचं जाणाऱ्यालाच मिळतात." मी किती डोकेफोड केली, पण ती ढिम्म हलली नाही.

नवं तिकीट काढून पुन्हा अर्ज कर म्हणून तू मागे लागशील, म्हणून तुला न उठवताच निघतेय. माझ्या बाबांच्या ऑपरेशनसाठी पैशांची घाई होती गं. पहाटे आईचा फोन आला. आता घाई उरली नाही.

तुझी खोलीतली कटकट