तिला समुद्र आवडत नाही

सौ. रागीटबाई यांस,

समुद्रावर मजा मारतोस, मी माहेरी चालले, असं म्हणून फोन आपटलास. मजा कसली? मी पहाटे रिसॉर्टच्या वाळूवर दाताळं फिरवून कालच्या पावलांचे ठसे पुसतो, म्हणजे प्रत्येक जोडप्याला वाटतं, इथे आपणच पहिले. सकाळच्या थंडीमुळे पाण्यात कोणी उतरत नाही. ब्लँकेट पांघरून बसतात, भांडतात, मी फोटो काढेपर्यंत गप्प राहतात आणि पुन्हा सुरू होतात. आपण निदान सलग भांडतो.

काल एका बाईंनी विचारलं, "बायकोला आणलंस का रे कधी इथे?"

"तिला समुद्र आवडत नाही," मी ठोकून दिलं.

तू तर तो पाहिलेलाही नाहीस. आम्ही सहा जण एका खोलीत झोपतो, तुला ये कुठल्या तोंडाने म्हणू? पण सीझन संपला की मॅनेजर कामगारांना जोडीने राहायला दोन रात्री खोली देतो. यंदा मी नाव दिलंय.

फोन तू उचलत नाहीस, आणि हे पत्र न वाचताच केरात टाकशील. म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवतो. तुला दरमहा माझे सहा हजार येतात, या वेळी त्यात तुझं गाडीभाडं घातलंय. जास्तीचे कशाचे, हे विचारायला तरी फोन करशील.

तुझाच,
दाताळेवाला

पाठवले: सहा हजार नऊशे.