रचनाकार अज्ञात

नॅशव्हिल, १२ मार्च

प्रिय नेर्गिझ,

आई फोनवर का येत नाही, याची तीन वेगवेगळी कारणं तू मला आजवर सांगितलीस. कधी ती झोपलेली असते, कधी शेजारी गेलेली, कधी तिचा कान दुखतो. आता पुरे कर गं. टॅक्सीत काय झालं ते मामाने मला सांगितलंय. झाखोच्या बाजारातून परतताना ड्रायव्हरने माझं गाणं लावलं, आणि आईने अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवायला लावली. पिशव्या उचलून उरलेली वाट ती पायी आली. तेव्हापासून तिने माझं नाव घेतलेलं नाही.

तू चार वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. आपला भाऊ बेंगीन शेळ्या शोधायला डोंगरावर गेला आणि त्याचा पाय सुरुंगावर पडला. आईने त्याच्या आंघोळीला पाणी तापत ठेवलं होतं. माणसांनी तिला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. पुढे दर गुरुवारी ती एकटी कबरीपाशी जायची आणि गायची, 'पाणी तापलंय रे, ये, तुझं डोकं धुऊन देते.' मी सोळाचा होतो. भिंतीआड बसून ऐकायचो. तिने ते कुणाला शिकवलं नाही, कुणासमोर म्हटलं नाही. मी चोरलं.

इथे टॉलिव्हर नावाचा एक म्हातारा गिटारवाला आहे, मिसिसिपीकडचा काळा माणूस. रविवारी दुपारी त्याच्या चर्चच्या तळघरात तो ब्लूज वाजवायचा आणि मी आपला लांब दांड्याचा, सतारीसारखा तंबूर. एकदा माझ्या तोंडून आईचं गाणं निघून गेलं. शब्द कळत नसताना त्याने गिटारवर अशी साथ धरली की मला मध्येच थांबता येईना. संपल्यावर बराच वेळ तो तारा पुसत बसला. मग विचारलं, "कोण गेलं रे तुमच्या घरातलं?"

त्याच्याबरोबरच मी ते ध्वनिमुद्रित केलं. फॉर्मवर 'रचनाकार' असा रकाना होता. मी लिहिलं, अज्ञात.

ते गाणं चाललं, नेर्गिझ. इतकं चाललं की त्याच्याच जोरावर मला कलाकार म्हणून इथे राहायची परवानगी मिळाली, आणि माझ्या कागदांवर बायको म्हणून हेझारचे आणि मुलगी म्हणून लोरीनचे कागद लटकले. प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा द्यावा लागतो. एकदा मेम्फिसमध्ये मी ते गाणं गाळलं, तर संयोजक विंगेतून हातवारे करत आला, "अहो, लोक त्याच्यासाठीच आलेत!" मग गायलो. आता गाताना मला बेंगीन दिसत नाही. माइक खरखरतोय का, तेवढं माझ्या लक्षात येतं. हे मी हेझारलाही सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नोलन्सव्हिल रस्त्यावरच्या आपल्या कुर्दी लोकांच्या बेकरीत एका म्हातारीने माझी बाही धरली. दुहोककडची असावी. "ते पाण्याचं गाणं तूच म्हणतोस ना? पुरुषाला असं सुचत नाही. कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "जुनं आहे, मावशी. अज्ञात."

"मेली का ती बाई?"

"नाही."

"मग अज्ञात कशी रे, मेल्या?"

रांगेतली माणसं हसली. मी नान न घेताच बाहेर पडलो.

कायमचं राहण्यासाठी अर्ज केला, तेव्हा वकील म्हणाला, "स्वतःची रचना लिहा. दुसऱ्याच्या गाण्यावर तुम्ही मोठे कलाकार कसे ठरणार?" मी तसं लिहून सही केली. तीन आठवड्यांपूर्वी मुलाखत झाली. समोरच्या अधिकारी बाईंनी सहज विचारलं, हे गाणं तुम्हीच रचलंत ना? उत्तर पाठ होतं. पण तोंडून निघालं, "नाही. माझ्या आईने. ती जिवंत आहे. तिचं नाव झेरीफे." वकिलाने पेन खाली ठेवलं. बाहेर गाडीत हेझार एवढंच म्हणाली, "एक शब्द. एक 'हो' म्हणायचं होतं तुला." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आता अर्ज अडकलाय. निकालापर्यंत कार्यक्रम बंद. देशाबाहेर गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून आईच्या पायाशीही येता येत नाही. घरात लोरीन विचारते, बाबा, तू गात का नाहीस? मी म्हणतो, घसा बसलाय.

पत्र एवढ्यासाठी लिहिलं, की अर्जाच्या कचेरीने साठ दिवसांत आईचा लेखी जबाब मागितलाय. हे गाणं तिने मला राजीखुशीने दिलं का, एवढंच. तुला मी ओळखतो. तू स्वतःच 'हो, दिलं' असं लिहून तिचा अंगठा घेशील. तसं करू नकोस. हे पत्र तिला सगळं वाचून दाखव, चोरलं म्हणून लिहिलंय तेही, आणि मग विचार. ती 'नाही' म्हणाली तर 'नाही'च लिही, खाली तिचं पूर्ण नाव घाल, आणि पाठव. हेझारला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुझाच,
झिनार